युद्धचिन्ह म्हणून रायफल : मराठवाड्यातील माजी सैनिकाचे घर आणि शस्त्र कायदा
(विशेष संदर्भ : वडवणी परिसर, जि. बीड)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर स्वदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या सामानात शत्रूकडून हस्तगत केलेली शस्त्रे मोठ्या प्रमाणावर होती. जपानी अरिसाका रायफल, जर्मन माउझर रायफल, लुगर पिस्तूल ही त्यांतील नेहमीची नावे होत. मशीनगनसारखी शस्त्रे वगळता अशा वस्तू घरी नेण्यास तेथील लष्कराने १९४४ मध्ये नियम करून अनुमती दिली होती. त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीचे हस्तगतीपत्र सैनिकाजवळ असावे लागे. पुढे या रायफली घराघरांतील भिंतींवर लागल्या, वारसांकडे गेल्या, बाजारात आल्या आणि त्यांच्या संग्रहाचे एक स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले. अरिसाका रायफलीच्या माथ्यावर जपानी सम्राटाचे शेवंतीच्या फुलाचे राजचिन्ह कोरलेले असे. शरणागतीनंतर जमा केलेल्या बहुसंख्य रायफलींवरील हे फूल घासून टाकण्यात आले. त्यामुळे फूल शाबूत असलेली रायफल प्रत्यक्ष रणांगणावर हाती लागली असावी, असे अनुमान संग्राहक करतात. एका फुलावरून शस्त्राचा प्रवास वाचण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकालाही शिकण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील सैनिकही याच युद्धात, याच शत्रूंशी लढले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमज येथील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी, तर तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनची ठाणी निकामी केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर लाभला. असे असूनही मराठी सैनिकाच्या घरी शत्रूची रायफल येण्याची परंपरा निर्माण झाली नाही. त्याच्या पेटीत पदके, सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद आणि एखादे छायाचित्र सापडते. शस्त्र सापडत नाही. या अभावाचे कारण सैनिकाच्या वृत्तीत शोधावे की कायद्यात, हा प्रश्न बीड-परळी मार्गावरील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी विशेष अर्थपूर्ण ठरतो. हा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे येथे युद्धकालीन शस्त्र पोहोचण्याच्या वाटाच वेगळ्या होत्या.

लूट कोणाची ?

हस्तगत वस्तू सैनिकाची की सत्तेची, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. शिवकालीन लष्करी व्यवस्थेचे वर्णन करताना सभासदाने आपल्या बखरीत मुलूखगिरीवरून परतलेल्या लष्कराची झडती घेण्याची पद्धत नोंदविली आहे. मिळालेला माल सरकारात जमा करावा लागे आणि कोणी ठेवून घेतल्यास त्याचे मोल वेतनातून वळते केले जाई. लढणाऱ्याने लढावे, लूट मात्र राज्याची, हे तत्त्व त्यामागे होते.

दुसरी एक रीत अधिक बोलकी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवस्थानांत पोहोचल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर, वाईजवळची मेणवली येथील घंटा आजही दाखविल्या जातात. युद्धचिन्ह येथे घरी न येता देवळात गेले, गावाचे झाले आणि रोजच्या वापरात आले. घंटेवरील परकी अक्षरे व सनाचे आकडे कोणी पुसले नाहीत. त्यामुळे अडीच शतकांनंतरही त्यांची ओळख पटते. व्यक्तीच्या पराक्रमाची खूण म्हणून वस्तू जपण्यापेक्षा ती समूहाच्या स्वाधीन करण्याकडे येथील कल होता, असे म्हणण्यास हे उदाहरण पुरेसे बळ देते. घरात शस्त्र नव्हते असे मात्र नव्हे. दसऱ्याला खंडेपूजन होई व आजही होते. परंतु पूजेतील तलवार ही वाडवडिलांची असे, शत्रूची नव्हे.

इंग्रजी अमलात लुटीचा हिशोब आणखी कागदी झाला. १८१७-१८ च्या युद्धात पेशव्यांच्या मुलखातून मिळालेल्या संपत्तीची वाटणी ‘डेक्कन प्राइझ’ या नावाने वर्षानुवर्षे इंग्लंडात गाजत राहिली. लूट प्रथम राजमुकुटाची आणि नंतर त्याच्या कृपेने सैन्याची, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. पुढे १९०७ च्या हेग नियमावलीने युद्धोपयोगी शासकीय मालमत्ता हस्तगत करणाऱ्या राज्याची ठरविली. युद्धकैद्याच्या वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहतील, मात्र शस्त्रे, घोडे व लष्करी कागदपत्रे त्यास अपवाद असतील, असेही तीत म्हटले आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमानुसार शत्रूची रायफल ही सैनिकाची कधीच नव्हती. अमेरिकेने आपल्या सैनिकाला ती दिली, हा त्या राज्याने सोडलेला हक्क होता. ब्रिटिश हिंदुस्थानात हा हक्क सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

शस्त्र कायद्याची सावली

त्याचे मूळ १८५७ मध्ये आहे. उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे झाले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा भारतीयांसाठी गुन्हा ठरला, तर युरोपीयांना त्यातून सूट मिळाली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धात हा विसंवाद अधिकच उघडा पडला. सरकार सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते आणि त्याच गावांतील रहिवाशांवर शस्त्रबंदी कायम होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी राजकीय हक्कांचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले व टिळक सभागृह सोडून गेले. महात्मा गांधींनी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात भरतीचा प्रचार करताना शस्त्र कायद्यावर कठोर टीका केली. युद्धानंतर नियमांतील वंशभेद काढून टाकण्यात आला. परवान्याची अट मात्र राहिली.

या पार्श्वभूमीवर मेसोपोटेमियातून किंवा पॅलेस्टाईनमधून परतणाऱ्या शिपायाची स्थिती लक्षात घ्यावी. सेवेत असताना त्याच्या हाती रायफल होती. सुटी होताच ती पलटणीच्या शस्त्रागारात जमा झाली आणि गावी पोहोचेपर्यंत तो कायद्याच्या दृष्टीने पुन्हा निःशस्त्र रयत झाला. शत्रूची रायफल जवळ बाळगणे म्हणजे पराक्रमाची खूण जपणे नव्हते. तो तुरुंगवासाचा धोका होता. कुट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत ११० वी मराठा पलटण होती. तेथे तर शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून तोफांचा नाश आपल्याच हातांनी करावा लागला. युद्धचिन्हांच्या गौरवकथांत ही बाजू सहसा येत नाही.

२३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकणाऱ्या घोडदळ ब्रिगेडमध्ये जोधपूर व म्हैसूरबरोबर हैदराबाद संस्थानाचेही लान्सर होते. त्या लढाईत १,३५० कैदी, १७ तोफा व ११ मशीनगन हाती लागल्या, अशी नोंद आहे. ही गणना ब्रिगेडच्या नावे झाली, कोणा एका स्वाराच्या नावे नाही. हस्तगत शस्त्रे मोजली जात, अहवालात लिहिली जात आणि त्यांपैकी निवडक पलटणीच्या भोजनगृहात किंवा संग्रहालयात मानाने ठेवली जात. गावाकडच्या भिंतीची जागा पलटणीच्या भिंतीने घेतली होती.

मोमिनाबादची छावणी ते असल उत्तर

वडवणीच्या शेजारचे अंबाजोगाई हे निजामी काळातील मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजांच्या नियंत्रणाखालील फौजेच्या घोडदळाची ती एक छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स आणि २९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स) या रेजिमेंट पुढे आल्या आणि १९२१ नंतर त्या एकत्र झाल्या. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणधुमाळीत हाय वुड येथे भाले घेऊन दौडलेले स्वार याच डेक्कन हॉर्सचे. भाल्यांचे घोडदळ मशीनगनच्या युगात शिरले, त्याची ही नोंद आहे.

पुढे घोडे गेले व रणगाडे आले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे याच डेक्कन हॉर्सने जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी, सेंच्युरियन रणगाड्यांच्या ३ कॅव्हलरीसमवेत, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचा मोड केला. भारतीय गणनेनुसार शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले वा हाती आले. ते भिखीविंडजवळ ओळीने उभे केले गेले व त्या जागेस लोक ‘पॅटननगर’ म्हणू लागले. पुढे असे रणगाडे देशभरच्या छावण्यांत व चौकांत पोहोचले. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर येथे फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहावयास मिळतो. मोमिनाबादच्या छावणीशी नाते सांगणाऱ्या घोडदळाने जे जिंकले, त्याची खूण पाहण्यासाठी बीडच्या विद्यार्थ्याला फार दूर जावे लागत नाही. शैक्षणिक सहलींच्या यादीत हे संग्रहालय असते. परंतु त्याचा अंबाजोगाईशी असलेला संबंध विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितला जातो.

सप्टेंबर १९४८ : शस्त्रांची दुसरी वाट

मराठवाड्यात युद्धकालीन शस्त्र पोहोचले ते महायुद्धातून परतलेल्या सैनिकामार्फत नव्हे, तर घरच्या अंगणात झालेल्या संघर्षातून. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने शस्त्रे मिळविण्याचा खटाटोप चालविला. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या वैमानिकाची विमाने कराचीहून चोरून शस्त्रे आणीत होती. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेची संख्या सुमारे दोन लक्ष सांगितली जाते. त्यांपैकी साधारण एक चतुर्थांशांकडे आधुनिक बंदुका होत्या. इतरांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले होते. दुसऱ्या बाजूस स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडील जिल्ह्यांत सशस्त्र छावण्या उभारल्या होत्या.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. तिसऱ्या दिवशी जालना घेऊन पुढे निघालेले दल लातूरमार्गे मोमिनाबादला आले. तेथे ३ गोवळकोंडा लान्सर्सनी नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली व १८ रोजी जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सैन्याच्या हाती आलेली शस्त्रे रीतसर जमा झाली. रझाकारांनी टाकलेली, विहिरीत फेकलेली, गवतात लपविलेली शस्त्रे मात्र कोणत्या हिशोबात बसली, हे प्रत्येक गावापुरते निराळे होते.

येथे अभ्यासकाने सावध असणे आवश्यक आहे. जुन्या बंदुकीभोवती सांगितली जाणारी कथा बहुधा शौर्याची असते. बंदूक ‘रझाकाराकडून हिसकावलेली’ असते. परंतु त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात केवळ रझाकारच मारले गेले नाहीत. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० लोकांचे प्राण गेल्याचा अंदाज केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांतील स्थिती याहून भीषण होती. रझाकारांच्या अत्याचारांत हिंदू गावे होरपळली होती आणि त्यांच्या पाडावानंतर अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांवर सूड उगविला गेला. हा अहवाल दीर्घकाळ प्रकाशात आला नाही. अशा काळात एका घरातून दुसऱ्या घरात गेलेले शस्त्र हे युद्धचिन्ह होते, लूट होती की एखाद्या पोलीस पाटलाची परवान्याची बंदूक होती, हे केवळ वस्तूकडे पाहून सांगता येत नाही. मुक्तिसंग्रामाचा गौरव करताना या भेदाकडे दुर्लक्ष करणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अक्षम्य ठरेल.

वस्तूभोवतीची कथा किती निसरडी असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९७१ च्या युद्धातील आहे. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात जनरल नियाझींनी आपले रिव्हॉल्व्हर जनरल अरोरा यांच्या स्वाधीन केले. ते दृश्य देशाने पाहिले. शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकब यांनी नंतर ते शस्त्र तपासले. त्याची नळी मळाने तुंबलेली व दोरी जीर्ण होती. ते सेनापतीचे नसून एखाद्या शिपायाकडून घेतलेले साधे रिव्हॉल्व्हर असावे, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. जगाच्या डोळ्यांदेखत दिलेल्या शस्त्राची ही कथा असेल, तर गावातील बंदुकीच्या सांगोवांगी कथेची परीक्षा किती कसोशीने करावी लागेल, हे वेगळे सांगावयास नको.

आजचा कायदा आणि महाविद्यालयीन संग्रह

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. लष्करी काडतूस चालू शकेल अशी .३०३ वा ७.६२ मि.मी. बोअरची रायफल त्याखालील नियमांनी निषिद्ध वर्गात गेली. महायुद्धात भारतीय सैनिकाने खांद्यावर वाहिलेली ली-एनफील्ड हीच ती .३०३. म्हणजे स्वतःच्या हातातील रायफलही माजी सैनिकाला सामान्य परवान्यावर मिळू शकत नव्हती. यातूनच एक गमतीदार गोष्ट घडली. नागरिकांसाठी सरकारी कारखान्याने जी .३१५ बोअरची रायफल बनविली, तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिखर रायफलीचे आहे. पहिल्या महायुद्धातील शत्रुपक्षाचे काडतूस भारतात परवानाधारकाचे काडतूस झाले.

बीड जिल्ह्यात निवृत्त जवानाच्या हाती बंदूक दिसते ती बहुधा बँकेच्या दारात, दुनळी बारा बोअर, परवान्यासह. ती उपजीविकेची बंदूक आहे. शेतकऱ्याकडे क्वचित पीक संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक असते. कर्नाटकातील कोडगू समाजाला परवान्यापासून जी पारंपरिक सूट आहे, तशी महाराष्ट्रात कोणासही नाही. अलीकडे परवान्याचे शस्त्र हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या हत्याकांडानंतर जिल्ह्यातील हजाराहून अधिक परवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले. तलवारीच्या पूजेपासून कमरेच्या पिस्तुलापर्यंतचा हा प्रवास समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे अभ्यासावा असा आहे.

प्रश्न उरतो तो महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचा. स्थानिक वस्तूंचा संग्रह करताना विद्यार्थ्यांना ‘घरातील जुने शस्त्र आणा’ असे सांगणे धोक्याचे आहे. परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे हा कलम २५ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने निषिद्ध शस्त्रासाठी किमान शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली आहे. जुन्या घडणीच्या किंवा दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रांना कलम ४५ ची सवलत आहे. परंतु एखादे शस्त्र त्या व्याख्येत बसते की नाही हे ठरविणे प्राध्यापकाचे काम नव्हे. परवान्याची मुदत वा धारक संपल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे. वारसाला त्यानंतर स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. एनसीसीच्या कवायतीत वापरली जाणारी, नळीला भोक पाडून निकामी केलेली .३०३ रायफल अनेक प्राध्यापकांनी विद्यार्थिदशेत खांद्यावर घेतलेली असेल. संग्रहालयीन शस्त्राचा सुरक्षित नमुना म्हणून तिच्याकडे पाहावे.

शस्त्राऐवजी पदकांकडे वळल्यास अभ्यासकाच्या हाती अधिक काही लागते. दुसऱ्या महायुद्धाची ‘बर्मा स्टार’, ‘इटली स्टार’ यांसारखी पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. १९६५ चे ‘समर सेवा स्टार’ आणि १९७१ चे ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ हीसुद्धा घराघरांत आहेत. रायफल कोणाची हे ती स्वतः सांगत नाही. पदकाच्या कडेवरील बारीक अक्षरे ते सांगतात. सेवापुस्तकाशी ती ताडून पाहिली, तर सैनिक कोणत्या पलटणीतून कोठे लढला याचा माग लागतो. निजामी राज्यातील किती तरुण सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखातील भरती केंद्रांवर गेले आणि किती संस्थानी फौजेत राहिले, याचा तालुकावार हिशोब अशा नोंदींतूनच उभा राहू शकतो. चांदी व पितळ मोडीत निघण्यापूर्वी, निदान वडवणीपुरती, ही कडेवरची अक्षरे उतरवून घेता येण्याजोगी आहेत. त्यासाठी भिंग, वही आणि घरच्या वडीलधाऱ्यांची संमती एवढेच साहित्य लागते.